एकाच चालीचं इंजिन

मास्तरांचा माणसाच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, स्क्रूड्रायव्हरवर होता. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर ते कायम जवळ बाळगत. त्याचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "बेअरिंग चाललंय." "वंगण आटलंय." "महिनाभर टिकेल." पंखा, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांचा फ्रिज, सगळ्यांची तपासणी झालेली होती. एकदा जिजी, म्हणजे त्यांची बायको, पायरीवरून उठताना कण्हली, तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या गुडघ्याला लावला. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बदलावा लागेल."

डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. पण कुठल्या धातूचा गुडघा बसवायचा याबद्दल मास्तरांनी चौकशी सुरू केली आणि ती चौकशी मी त्यांना ओळखत होते तोवर संपली नव्हती.

ते आमचे घरमालक. सुरतच्या बमरोलीत त्यांच्या सहा खोल्या होत्या, चौथीत आम्ही राहायचो. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मागांवर आणि कारागिरांवर देखरेख करणाऱ्याला मास्तर म्हणतात, तसे ते मास्तर. अठ्ठेचाळीस माग आणि ते चालवणारी माणसं यांच्यावर त्यांनी उभी हयात लक्ष ठेवलं. माझे वडील त्यांच्याच हाताखाली बारा तासांची पाळी करायचे. दोघेही धुळे जिल्ह्यातून आलेले, एकाच बोलीत वाढलेले. पण मास्तर झाल्यावर त्यांनी अहिराणी खात्याच्या गेटबाहेर सोडली ती पुन्हा आत घेतली नाही. जिजी त्यांच्याशी अहिराणीत बोलायची आणि ते तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. एका घरात दोन सरकारं असल्यासारखं वाटायचं.

अंगणात जीप उभी होती. जुनी, चारही चाकांना जोर देणारी, डोंगर चढायला बनवलेली. खातं बंद करून शेठने जागा विकली तेव्हा कारागिरांच्या हातावर दोन गोड शब्द ठेवले आणि मास्तरांना ही जीप दिली, निष्ठेचं बक्षीस म्हणून. इंजिन तिचं आधीच मेलेलं होतं. मला त्या बक्षिसाचं हे फार आवडायचं. शेठने दिलेली वस्तू आणि शेठचा शब्द, दोन्ही ढकलल्याशिवाय हलत नसत.

जीपवर झाकण होतं ते साड्यांचं. छपाई फसलेल्या, खराब माल म्हणून परत आलेल्या साड्या जिजीने एकमेकींना शिवून ते केलं होतं. गुलाबी, पोपटी, मोरपंखी. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, मास्तरांच्या दारात मांडव पडलाय. आत मात्र कुठलंच कार्य नव्हतं. आत एक रिकामी खोबण होती आणि तिच्यात कोणतं इंजिन बसवायचं याचा सहा वर्षं विचार चालला होता.

या विचाराचे कागद मी पाहिलेत. खात्यात एकदा आठ तासांच्या पाळीसाठी पत्रकं निघाली होती. माझ्या वडिलांनी ती वाटली आणि मास्तरांनी ती फिरून गोळा केली. शेठला दाखवायला दोन-चार पुरली असती, पण यांनी गठ्ठाच्या गठ्ठा घरी आणून ठेवला. पाठकोरा कागद फुकट का घालवायचा? आमच्या घरी उरलेल्या पत्रकांवर मी अक्षरं जुळवायला शिकले, आणि पुढे त्याच पत्रकांच्या पाठीवर मास्तर इंजिनं जुळवत बसले. एका बाजूला छापलेलं, 'आठ तासांची पाळी मिळालीच पाहिजे.' दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत, 'गिअरबॉक्सचे बोल्ट जुळतील काय? पुढच्या ॲक्सलला वजन पेलेल काय? विचार करावा.' प्रत्येक पानाच्या शेवटी 'विचार करावा' असायचंच.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचं मत घेतलं जायचं. मीटर बघायला आलेला वीजवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांना चहा आणि प्रश्न. मत दिलं की मास्तर ते लिहून घ्यायचे आणि मग ते कसं चूक आहे हे त्या माणसाला चहा थंड होईपर्यंत समजावून सांगायचे.

पांडेसऱ्याचे गॅरेजवाले काका सुरती माणूस, तोंडाचे फटकळ आणि हाताचे सच्चे. त्यांनी सुरुवातीलाच तीन इंजिनं सुचवली होती.

पहिलं होतं जीपचं मूळ पेट्रोल इंजिन. तसंच दुसरं, चांगल्या हालतीतलं, त्यांच्या ओळखीत मिळत होतं. मास्तर म्हणाले, "जे एकदा मेलं, तेच पुन्हा घरात आणू?"

दुसरं परदेशी गाडीतून काढलेलं. ताकदवान, आवाज नाही, धूर नाही. त्याला संगणकाचा छोटा डबा होता. तोच ठरवतो केव्हा किती डिझेल द्यायचं. मास्तर दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे याला स्वतःचं डोकं आहे. नको. मी आयुष्यभर डोकं असलेल्यांचा त्रास काढलाय." हे बोलताना त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील चहा पीत होते. ते म्हणाले, "खरं शे मास्तर. तुम्हाला त्रासच झाला, आम्हाला तर पगारवाढ झाली." ती कशी झाली, किती झाली आणि पुढच्याच महिन्यात कशी कापली गेली, हे दोघांनाही माहीत होतं.

तिसरं होतं खेड्यापाड्यांत वडाप करणाऱ्या जीपगाड्यांचं साधं डिझेल इंजिन. बोल्टला बोल्ट जुळणारं. सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतील असं. काका म्हणाले, "मास्तर, आ लई लो. आँख बंद करीने लई लो."

मास्तरांनी डोळे मिटले, पण ते स्क्रूड्रायव्हर लावण्यासाठी. ऐकलं आणि मान हलवली. "हे भाड्याच्या गाडीत राबलंय. बावीस-बावीस माणसं, वर शेळ्या. हलकी सवय लागलेलं इंजिन आहे. माझ्या दारात शोभणार नाही."

काकांनी हात जोडले. मास्तरांना वाटलं, नमस्कार केला.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी मनसोक्त हसले असते. पण जिजीला आईला भेटायचं होतं.

जिजीचं माहेर साक्रीच्या पुढे डोंगरात. एसटी खाली फाट्यावर सोडते, तिथून सात किलोमीटर दगडधोंड्यांची चढण. गुडघे चांगले होते तोवर ती चालत जायची. आता शक्य नव्हतं. चढणीवर एक पिकअप चालायची, बाजाराच्या दिवशी गच्च भरून. त्यात बसून जायला मास्तरांची बंदी होती. "मास्तरची बायको शेळ्यांमध्ये कोंबून माहेरी जाणार नाही. आपल्या जीपने जाईल. इंजिन बसलं की पहिली खेप तुझ्या माहेरची." हे वचन त्यांनी सहा वर्षांपूर्वी दिलं होतं आणि ते ते पाळत होते, म्हणजे पिकअपमध्ये बसू देत नव्हते. जिजीची आई नव्वदीला टेकलेली. आधी फोनवर नाव घेऊन बोलायची. नंतर नुसतं "कोन?" विचारायची. मग भावाने सांगितलं की आता ती दिवसभर निजून असते आणि दाराशी पावलं वाजली की जिजीचं नाव घेते.

त्या दिवशी जिजी जीपच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मास्तर पत्रकाच्या पाठीवर काही लिहीत होते.

"आयकं का? कोनतंबी बसाडा, पन बसाडा. माले मायले देखनं शे."

"कोणतंही बसवून चालत नाही. इंजिन म्हणजे काय भाजी आहे?"

"भाजी ऱ्हाती तर सहा वरीसमा सडी जाती," जिजी म्हणाली आणि आत गेली.

याचा परिणाम झाला. आठवडाभरात मास्तर सचिन गावच्या एका भंगारवाल्याकडून इंजिन घेऊन आले. छकड्यावरून उतरवायला पाच माणसं लागली. गॅरेजवाले काका बघतच राहिले. माझ्या वडिलांनी मात्र पाहताक्षणी ओळखलं. ते आमच्याच खात्याचं होतं. जीपचं नव्हे, ट्रकचंही नव्हे. जनरेटरचं.

या इंजिनाचा इतिहास सांगायला हवा. पूर्वी खात्यात करंट गेला की माग थांबायचे. कारागीर तेवढाच वेळ कापडाच्या ताग्यांवर पाठ टेकायचे, कुणी बिडी ओढायचं, कुणी गावाकडचं बोलायचं. बारा तासांत तेवढीच काय ती सुटी, आणि ती वीज कंपनीने दिलेली. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी शेठच्या मागे लागून जनरेटर आणवला. त्यानंतर करंट गेला की अर्ध्या मिनिटात भिंतीपलीकडून घुर्रर्र सुरू व्हायचं आणि माग पुन्हा खडखडायचे. आमच्या घरी त्या आवाजाला एक नाव होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मास्तरांना ते इंजिन भंगारात दिसलं तेव्हा म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुरू करून घेतलं, आवाजावरून ओळखलं. एकदा सुरू केलं की कधी दमलं नाही. एकदा रजा नाही मागितली."

काका इंजिनाभोवती एक फेरी मारून आले. "मास्तर, आ तो जनरेटरनुं छे. एक ज स्पीड पर चाले. ओछुं नहीं, वधारे नहीं. जीपमां नाखीने शुं करशो?"

"गिअर आहेत ना? वेग बदलायचा असेल तर गिअर बदलेन. माझ्या खात्यात अठ्ठेचाळीस माग एकाच चालीवर चालायचे. एकाचीही तक्रार नव्हती."

"तक्रार होती," माझे वडील म्हणाले. "छापील होती. तुमच्या हातात आहे तो कागद उलटा करा."

मास्तरांनी कागद उलटा केला नाही. घडी करून खिशात ठेवला.

काकांनी बदल करून देतो म्हटलं, म्हणजे पायाने दाबल्यावर वेग कमी-जास्त व्हावा. मास्तर आडवे आले. चाल बांधून देणाऱ्या पुर्ज्यावर अजून कारखान्याचं सील होतं आणि ते तोडू देणार नव्हते. मग रेडिएटर. जनरेटरचा मोठा रेडिएटर जीपच्या नाकात मावेना, म्हणून जीपचाच जुना, लहान बसवावा लागला. काकांनी बजावलं, "घाटमां उकळशे." मास्तर म्हणाले, "खात्यात पत्र्याखाली उन्हाळे काढलेत त्याने." आरटीओच्या परवानगीत आणखी काही महिने गेले. जिजी या काळात रोज संध्याकाळी भावाला फोन लावायची आणि पहिलाच प्रश्न विचारायची, "शे ना?" आहे ना?

जीप सुरू झाली त्या दिवशी सबंध बमरोली बघायला आली. पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या धावण्याइतकी पळायची, चौथ्यात चाळीसच्या काट्यावर. गिअरागणिक एकच वेग, मधलं काही नाही. गल्लीत म्हैस आडवी आली तर हळू होण्याची सोय नव्हती. थांबायचं, नाहीतर आहे त्याच चालीने जायचं. मास्तर पुढे बघत, पाठ ताठ ठेवून, ऐटीत बसायचे. पायाला काही कामच नसल्याने त्यांनी तो पाय मांडीखाली दुमडून घेतला होता. मांडी घालून जीप चालवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

आम्ही पहाटे निघालो. मास्तर, जिजी आणि जिजीला धरून उतरवायला मी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मास्तरांना माझं येणं पसंत नव्हतं, पण जिजीने त्यांना विचारलं नव्हतं. मागच्या सीटवर मास्तरांचा इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी, सासुरवाडीच्या वेशीवर चढवण्यासाठी. जिजीच्या मांडीवर आईसाठी मऊ लुगडं.

सोनगड गेलं, नवापूर गेलं. ट्रक आम्हाला ओलांडून जायचे, मग बस, मग एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर पुढे गेला तेव्हा मी मास्तरांकडे पाहिलं.

"त्याची चाल एकसारखी नाही," ते म्हणाले. "आवाज ऐक. दमलाय."

कोंडाईबारीच्या घाटात दोनदा पाणी ओतावं लागलं. दोन्ही वेळा मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि इंजिन निर्दोष असल्याचं जाहीर केलं. दोष पाण्यात होता.

दुपारी फाट्यावरून डोंगराकडे वळलो. खरं सांगायचं तर ते इंजिन चढणीला डगमगलं नाही. दगड आले, खड्डे आले, आवाज तसूभर बदलला नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावर तेज चढत होतं. अर्धा किलोमीटर गेलो असू. तिसऱ्या वळणावर पुढून वाफेचा लोट उठला, काहीतरी फट्‌ झालं आणि एकदाही रजा न मागितलेलं ते इंजिन तिथेच बसलं.

मास्तर उतरले. झाकण उघडलं, तोंड भाजता भाजता वाचलं. मग त्यांनी काय करावं? खिशातून पत्रक काढलं, पाठीवर काही आकडे लिहिले आणि एका दगडावर बसून त्या आकड्यांकडे बघत राहिले.

जिजी जीपमध्येच होती. ती बराच वेळ चढणीकडे बघत होती. तेवढ्यात खालून पिकअप आली. बाजाराचा दिवस होता. माणसं, पिशव्या, कोंबड्या, दोन शेळ्या. ड्रायव्हरने जिजीला ओळखलं. "आत्या, उनी का? चाल लवकर, म्हतारी वाट देखी ऱ्हायनी."

मास्तर दगडावरून उठले. "थांब. गार झालं की निघू. तासाभराचा प्रश्न आहे."

जिजीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरली, लुगडं छातीशी धरलं. "चाल वं पोर," मला म्हणाली. वरच्या दोघांनी हात दिला, खालून मी आधार दिला. गुडघा वाकेना, तेव्हा ती तशीच ताठ पायाने वर ओढली गेली. एक शेळी बाजूला सरकली. जागा झाली.

"अगं, पण जीप!" मास्तर ओरडले.

"तुम्ही सांभाळा," जिजी म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं शुद्ध मराठी वाक्य.

वीस मिनिटांत आम्ही वर पोचलो. सहा वर्षांचा विचार वीस मिनिटांच्या रस्त्यासाठी चालला होता, हे मला त्या शेळ्यांमध्ये उभी असताना कळलं आणि हसू आलं नाही.

म्हातारी ओसरीत खाटेवर होती, मुठीएवढी. डोळ्यांना दिसत नव्हतं. जिजीने तिचा हात आपल्या तोंडावरून फिरवला. हात नाकापाशी थांबला, कानातल्या बाळ्या चाचपल्या.

"उनी का वं?" आलीस का गं?

"उनी माय."

जिजीने मऊ लुगडं तिच्या अंगावर पांघरलं. मग म्हातारीने विचारलं, "जवाई कथा शेतस?"

"खाले," जिजी म्हणाली. "गाडीना संगे."

म्हातारीने मान हलवली, जणू जावई तिथेच असायचे.

तिसऱ्या दिवशी माझी परीक्षा असल्याने मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच खेपेला खाली निघाले. जिजीने मास्तरांसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. ते जीपमध्येच झोपले होते. साक्रीहून ट्रॅक्टर बोलावला होता, जीप ओढून न्यायला. तो दुपारनंतर येणार होता. फाट्यावरची माझी एसटीही तेव्हाचीच, म्हणून मी थांबले. इस्त्रीचा सदरा त्यांनी अंगावर चढवला होता. थंडी वाजली असावी.

मी सांगितलं, म्हातारी आहे. लेकीला हाताने ओळखलं. रात्री चार घास खाल्ले. तुमची आठवण काढली.

मास्तर भाकरी चावत होते. लक्ष पिकअपकडे होतं. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, बॉनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटले. ते इंजिन कुठलं ते मलाही दिसत होतं. पांडेसऱ्याच्या काकांनी सुचवलेलं तिसरं. बोल्टला बोल्ट जुळणारं.

"किती वर्षं चालवतोस?"

"आठ व्हयनात मास्तर."

"या चढणीवर?"

"रोज चार खेपा."

मास्तर ताठ झाले. चेहऱ्यावर सहा वर्षांत न दिसलेली प्रसन्नता होती. आपल्याला कुणी हे आधी सुचवलं होतं, याची पुसटशी खूण त्या चेहऱ्यावर शोधून सापडली नसती. "ए पोरी, बघ. डोकं शांत ठेवून विचार केला की असं सापडतं." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वर गेलास की तिला सांग, इंजिन नक्की झालं. हेच घेतोय. दुपारच्या खेपेला खाली ये म्हणावं, ट्रॅक्टरबरोबर निघू. पुढल्या वेळी आपल्या जीपने येऊ."

ड्रायव्हर गेला. मास्तरांनी जीपचं बॉनेट पुसलं, टोपी घातली, जीपमधलं सामान एका बाजूला सरकवून जिजीसाठी जागा केली. ट्रॅक्टर आला, दोर बांधून झाला. पिकअप खाली उतरली. तिच्यात गवताचे भारे होते आणि एक शाळामास्तर होता. जिजी नव्हती.

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

ड्रायव्हरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे, मग आपल्या पायांकडे.

"आत्या म्हने, नीट इचार करा म्हना. माले काही घाई नही."